शिक्का कोणाच्या हातात? न घडलेल्या ‘गोदावरी संस्थाना’ची गोष्ट

सिंहस्थाच्या तारखा जाहीर झाल्यापासून नाशकात दुसरा विषय नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ला पहिलं अमृतस्नान. पंचवटीत कुठल्याही टपरीवर चहा घ्यायला थांबलात तर दोन मतं हमखास कानावर येतात. एक म्हणतो, मेळा साधूंचा आहे, मग सगळं साधूंनीच ठरवावं. दुसरा म्हणतो, पैसा सरकारचा, बंदोबस्त सरकारचा, मग सरकारच ठरवणार. दोघंही तावातावाने बोलतात, आणि ‘ठरवणं’ म्हणजे नेमकं काय, हे दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

परवा भाचा घरी आला तो वही काखेत मारूनच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो आणि त्याचे मित्र ‘पर्यायी इतिहास’ रचतात, म्हणजे इतिहासातली एकच घटना बदलायची आणि पुढे काय काय झालं असतं ते तर्काने लिहीत जायचं. या वेळी त्यांनी १८१८ साल धरलं होतं. इंग्रजांनी पेशवाई बुडवली, पण साताऱ्यात छत्रपतींची गादी राहू दिली, हे खरं घडलेलं. मुलांनी त्यात एक ओळ वाढवली: नाशिक-त्र्यंबकचा पट्टाही इंग्रजांनी ‘धर्मसंस्थान’ म्हणून वेगळा ठेवला आणि तो आजतागायत टिकला. नाव दिलं गोदावरी संस्थान. वहीत पेन्सिलीने तीन चौकोन काढले होते: कारभारी मंडळ, लोकांनी निवडलेली सभा आणि धर्मसभा. धर्मसभेत आखाड्यांचे महंत, मठाधिपती, पुरोहितांचे प्रतिनिधी. धर्मसभेच्या चौकोनातून दोन बाण बाहेर पडत होते, पण त्या बाणांवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

“मामा, हे चाललं असतं का?” त्याने विचारलं.

उत्तर त्या बाणांवर काय लिहायचं यावर अवलंबून आहे. हा लेख म्हणजे त्या दिवशी त्याच्याशी झालेलं बोलणंच, थोडं सावकाश आणि थोडं नीट मांडलेलं.

## धर्मगुरू सरकारात, म्हणजे नेमके कुठे?

आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला हे पटकन कळेल. बागेला सल्लागार लावलेला असतो. तो येतो, पानं उलटून बघतो, डाऊनी, भुरी असा काही रोग दिसतोय का ते सांगतो आणि फवारणीचं वेळापत्रक लिहून देतो. फवारायचं की नाही, हे शेतकरीच ठरवतो. बाग गेली तर त्याची गेली, पिकली तर त्याची पिकली.

आता समजा, हाच सल्लागार बागेत भागीदार झाला. चार भागीदारांत तो एक. त्याचं मत मोजलं जाईल, पण बाकीचे तिघं एका बाजूला गेले तर त्याला मान तुकवावी लागेल.

आणि समजा, बँकेने अट घातली की सल्लागाराच्या सहीशिवाय कर्जाचा एक रुपयाही सुटणार नाही. मग कागदोपत्री भागीदारी असो नसो, बाग त्याचीच झाली. खत कोणतं, छाटणी कधी, व्यापारी कोण, सगळं त्याच्या तोंडाकडे बघून ठरणार.

धर्मगुरूंची राज्यकारभारातली जागा या तीनपैकी एक असते: सल्ला, वाटा किंवा शिक्का. शिक्का म्हणजे नकाराधिकार, बाकी सगळ्यांचं ठरलं तरी ‘नाही’ म्हणून ते थांबवण्याचा हक्क. एखाद्या देशाचं सरकार ‘धार्मिक’ आहे की नाही हे त्याच्या झेंड्यावरून किंवा शपथेवरून कळत नाही. शिक्का कोणाकडे आहे आणि तो काढून घेता येतो का, एवढं बघितलं तरी पुरेसं कळतं.

भाच्याचे बाण शिक्क्याचे होते. धर्मसभेची मान्यता असल्याशिवाय कायदा नाही, अशी त्यांची कल्पना होती.

## पण आपल्याकडे पूर्वी असंच होतं ना?

नव्हतं. हा गैरसमज दोन्ही बाजूंकडे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत पंडितराव हे एक पद होतं. धर्माच्या बाबी, प्रायश्चित्तं, दानधर्म त्यांच्याकडे. आठांपैकी पंडितराव आणि न्यायाधीश या दोघांनाच लढाईवर जाण्याची सक्ती नव्हती. पण पंडितराव हे महाराजांनी नेमलेले प्रधान. आठांतले एक. राजाज्ञा अडवण्याचा हक्क त्यांना नव्हता.

पेशवाईत धर्माचे वाद पैठण, नाशिक, कऱ्हाड, वाई अशा क्षेत्रांच्या ब्रह्मसभांकडे जात. कोणाला जातीत परत घ्यायचं, कोणाला कोणतं कर्म करायचा अधिकार, अशा भांडणांना तेव्हा ‘ग्रामण्य’ म्हणत. आपल्या नाशिकचे शास्त्री त्यावर निर्णय देत आणि त्यांचं वजन मोठं होतं. तरी अंमलबजावणी सरकारची. शास्त्र सांगणारे शास्त्री, हुकूम काढणारा पेशवा.

सिंहस्थाचीच गोष्ट घ्या. १७८९च्या मेळ्यात आधी स्नान कोणाचं यावरून शैव आणि वैष्णव साधूंमध्ये लढाई झाली. पेशवेकालीन ताम्रपटात १२,००० मृत्यूंचा उल्लेख आहे. आकडा किती खरा हे बाजूला ठेवलं तरी, त्याची तांब्यावर नोंद व्हावी एवढा रक्तपात झाला होता. तो वाद साधूंनी आपसात मिटवला नाही. तो पेशव्यांपुढे गेला, आणि तेव्हापासून वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात. आज १३ आखाड्यांपैकी ३ नाशकात आणि १० त्र्यंबकला असतात, त्याचं मूळ या निवाड्यात आहे. ज्याला आपण धर्माची परंपरा म्हणतो तिची एक मोठी बाजू राज्यसत्तेने लावून दिलेली आहे. हे सांगितल्यावर भाचा थोडा वेळ गप्प होता.

आणखी एक उदाहरण, दक्षिणेतलं. त्रावणकोरच्या मार्तंडवर्माने १७५० साली आपलं सगळं राज्य पद्मनाभस्वामीला अर्पण केलं आणि स्वतः देवाचा दास म्हणून राज्य चालवलं. मेवाडचे महाराणे स्वतःला एकलिंगजीचे दिवाण म्हणवत. राज्य देवाचं, पण शिक्का राजाकडेच. देवाच्या नावाने राज्य चालवणं आणि धर्मगुरूंनी राज्य चालवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## जगात कुठे काय

इंग्लंडचं उदाहरण लोक हमखास देतात. तिथल्या वरिष्ठ सभागृहात चर्चचे २६ बिशप बसतात, मत देतात, भाषणं करतात. हा वाटा झाला. पण १९११ आणि १९४९च्या कायद्यांनंतर ते संपूर्ण सभागृहच लोकांनी निवडलेल्या सभेचा कायदा साधारण वर्षभर लांबवू शकतं, कायमचा अडवू शकत नाही. शिक्का तिथे उरलेलाच नाही.

इराणमध्ये उलट आहे. १९७९च्या क्रांतीनंतर तिथे १२ जणांची पालक परिषद आहे. सहा धर्मशास्त्री, ज्यांना सर्वोच्च नेता नेमतो, आणि सहा कायदेपंडित, ज्यांना संसद निवडते, पण न्यायव्यवस्थेच्या प्रमुखाने सुचवलेल्या नावांतूनच. त्या प्रमुखालाही सर्वोच्च नेताच नेमतो. संसदेचा प्रत्येक कायदा या परिषदेपुढे जातो, आणि निवडणुकीला कोण उभं राहू शकतं हेही तीच ठरवते. मतदान होतं, रांगा लागतात, पण यादी आधीच चाळलेली असते.

आपल्या शेजारचा भूतान मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. तिथे धर्म आणि राज्य ही दुहेरी परंपरा शतकांची. जुन्या राष्ट्रीय सभेत मठांचे प्रतिनिधी बसत. २००८ची राज्यघटना करताना त्यांनी धर्माला मान ठेवला, बौद्ध धर्म हा देशाचा आध्यात्मिक वारसा आहे असं लिहिलं, आणि त्याच वेळी धर्मसंस्था व धर्मगुरू राजकारणाच्या वर राहतील असं ठरवलं. तिथले भिक्षू मतदानही करत नाहीत. धर्माबद्दल अनास्था असलेल्या देशाने हे केलं असतं तर नवल नव्हतं. पण तिथे घराघरात देवघर आहे.

## एक दुष्काळी वर्ष: वहीतून जमिनीवर

कल्पना कागदावर गोड असते. म्हणून मी भाच्याला एक प्रसंग दिला.

समज, गोदावरी संस्थानात सिंहस्थाचं वर्ष आहे आणि पाऊस ओढ देतोय. ऑगस्ट संपत आला तरी गंगापूर धरण भरलेलं नाही. नाशिककर ज्याच्यावरून गोदेचा पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या पायांनाही पाणी लागलेलं नाही. पर्वणी चार दिवसांवर आली. रामकुंडात वाहतं पाणी हवं, कारण साचलेल्या पाण्यात लाखो लोकांचं स्नान म्हणजे रोगराईला आमंत्रण, आणि परंपरेलाही वाहती गोदाच हवी. तिकडे डाव्या कालव्यावरचे निफाडकडचे शेतकरी म्हणतात, आज पाणी सोडलंत तर रब्बीचं आवर्तन कुठून देणार? शहर म्हणतं, आमच्या पिण्याचं काय?

धर्मसभा सल्लागार असती तर तिने कारभाऱ्यांना सांगितलं असतं: पर्वणीचा मुहूर्त इतका वेळ आहे, मुख्य स्नान पहाटेपासून या वेळेपर्यंत, तेवढे तास प्रवाह असला तरी धर्मकार्याला बाधा येत नाही. हा फार मोलाचा सल्ला आहे. कोणत्याही इंजिनिअरला तो देता येणार नाही. कारभाऱ्यांनी त्यावर हिशेब मांडून, उभ्या पिकाकडे आणि शहराच्या टाक्यांकडे बघून निर्णय घेतला असता. निर्णय चुकला असता तर ते पुढच्या निवडणुकीत घरी गेले असते.

आता तोच प्रसंग शिक्क्यासह बघू. धर्मसभेने ठराव केला: पर्वणीच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस पूर्ण प्रवाह. कारभारी म्हणतात, परवडणार नाही. धर्मसभा म्हणते, हा धर्माचा प्रश्न आहे, तुमच्या अखत्यारीतला नाही. मग हा प्रश्न पाण्याचा की धर्माचा, हे कोण ठरवणार? शिक्का ज्याच्याकडे आहे तोच.

शिक्क्याचा अवघडपणा इथे आहे. धर्माची हद्द आखण्याचं काम धर्मसभेकडेच गेलं की ती हद्द वाढत जाते, आणि त्यासाठी कोणी वाईट माणूस असावा लागत नाही. पाणी झालं, मग घाटावरची दुकानं, मग मिरवणुकीच्या वाटेवरची घरं, मग शाळेतलं पुस्तक, मग लग्न कोणी कोणाशी करायचं. प्रत्येक वेळी कारण खरंखुरं धार्मिकच असतं, कारण आपल्या आयुष्यात धर्म शिवत नाही अशी जागाच फारशी नाही.

आणि निफाडच्या त्या शेतकऱ्याने दाद मागायची तर कोणाकडे? महंतांना त्याने निवडलेलं नाही. त्यांना तो हटवू शकत नाही. वर, त्यांच्याविरुद्ध बोलायला त्याची जीभ रेटत नाही, कारण वर्षातून एकदा तो त्यांच्याच पाया पडतो. मंत्र्याला शिवी देता येते, गुरूला देता येत नाही. ज्याच्यावर रागावता येत नाही अशा माणसाच्या हातात कालव्याची किल्ली देणं, हा त्या शेतकऱ्यावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

## काळारामाचा दरवाजा

या कल्पनेची खरी परीक्षा मात्र पाण्यावर होत नाही. ती १९३० सालात होते.

२ मार्च १९३०. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं काळाराम मंदिराकडे चालत गेली. मागणी एवढीच, की आम्हालाही आत जाऊन रामाचं दर्शन घेऊ द्या. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. सत्याग्रही दारांपुढे बसले. बायकाही होत्या. रामनवमीच्या रथाच्या दिवशी दगडफेक झाली. हे सगळं मिटायला दिवस नाही, वर्षं लागली, आणि दार उघडलं नाहीच. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

मी आजही काळारामाला जातो तेव्हा दाराच्या दगडी चौकटीपाशी पाऊल अडखळतं. बाहेर रस्ता, आत फरसबंदीचं अंगण. मधे एक उंबरा. ओलांडायला अर्धा सेकंद लागतो.

आता भाच्याचं संस्थान १९३० साली आहे असं धरू. सत्याग्रही दारात बसले आहेत. लोकांनी निवडलेल्या सभेतल्या कोणा सदस्याने मंदिरप्रवेशाचा कायदा मांडला. समजा, बहुमतही मिळालं. कायदा जातो धर्मसभेकडे. तिथे कोण बसलं आहे? ज्यांच्या हातात त्या दाराच्या किल्ल्या आहेत तेच, किंवा त्यांचे सगेसोयरे. त्यांना शास्त्र विचारायचं, आणि त्यांचाच शिक्का मागायचा. दार बंद करणारा आणि दार उघडण्याच्या अर्जावर सही करणारा एकच माणूस.

प्रत्यक्षात काय झालं? मुंबई विधिमंडळाने १९४७ साली मंदिरप्रवेशाचा कायदा केला. १९३२च्या पुणे करारानंतर त्या विधिमंडळात दलितांसाठी राखीव जागा होत्या. म्हणजे ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं त्यांचे प्रतिनिधी आता कायदा करणाऱ्या सभागृहात बसले होते. पुढे घटनेच्या २५व्या कलमाने धर्मस्वातंत्र्य दिलं आणि त्याच कलमात हिंदूंची सार्वजनिक मंदिरं सर्व वर्गांना खुली करणारा कायदा करण्याची मुभा राज्याला दिली. सत्याग्रहापासून कायद्यापर्यंत १७ वर्षं गेली. तीही फार झाली. धर्मसभेच्या संस्थानात किती गेली असती याचा अंदाज करताना भाच्याने पेन्सिल खाली ठेवली.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. मंदिरप्रवेशाच्या बाजूने उभे राहिलेले धर्मनिष्ठ लोकही होते. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरासाठी उपोषण केलं आणि ते मंदिर खुलं झालं. गुरुजी कोणत्याही सभेचे सदस्य नव्हते. त्यांच्याकडे शिक्का नव्हता, वाटा नव्हता, फक्त शब्द होता आणि तो लोकांच्या काळजाला लागला.

## पण धर्मगुरू निस्पृह असतात, नेत्यांपेक्षा बरे!

हा आक्षेप मी मनापासून समजू शकतो. लोक राजकारण्यांना कंटाळले आहेत आणि समोर एखादा साधू दिसतो, ज्याला ना घर ना दार. वाटतं, याच्या हातात द्यावं.

रामशास्त्री प्रभुणे आठवा. ३० ऑगस्ट १७७३ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्रींनी रघुनाथरावांना दोषी धरलं, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि अशा राज्यात राहायचं नाही म्हणून पुणे सोडलं. शिक्षा अमलात आलीच नाही. गंगापूर रोडने जाताना आनंदवल्ली लागते. ते नाव आनंदीबाईंवरून पडलं. रघुनाथरावांचा वाडा तिथेच होता. म्हणजे ज्यांना दोषी ठरवलं त्यांच्या घराच्या नावाचा बसथांबा आपल्या रोजच्या वाटेवर आहे.

रामशास्त्रींकडे शिक्का असता तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटतं. पण शिक्का एका रामशास्त्रींना मिळत नाही, तो पदाला मिळतो. आज त्या पदावर रामशास्त्री असतील, उद्या कोण असेल? रामशास्त्रींचा शब्द अडीचशे वर्षं टिकला कारण त्यांना सोडून जाता आलं. त्या सत्तेत त्यांचं काही अडकलेलं नव्हतं. साधूचा निस्पृहपणा हा त्याच्या मोकळेपणातून येतो. त्याला खातं, बंगला, बदल्यांच्या फायली आणि पुढच्या खेपेची काळजी द्या, आणि मग बघा.

## मग सगळ्याच धर्मांच्या गुरूंना जागा द्या

भाच्याने लगेच नवीन पान उघडलं. ठीक आहे, म्हणाला, सगळ्यांना घेऊ. लिहायला बसलो आणि अर्ध्या तासात पान भरलं.

१३ आखाडे. रामकुंडावरचे तीर्थपुरोहित, ज्यांच्या लांबट वह्यांत तुमचं आडनाव आणि गाव सांगितलं की पणजोबांची सही निघते. वारकरी, कारण संत निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकला आहे. पण वारकऱ्यांचा एक प्रमुख कोण? फड आहेत, दिंड्या आहेत, गादी एक नाही. महानुभाव. नाथपंथी. मांगी-तुंगी आणि म्हसरूळचं गजपंथ, म्हणून जैन, त्यातही दिगंबर की श्वेतांबर? त्रिरश्मी लेण्यांपाशी जमणारे बौद्ध. मालेगाव आहे, बडी दर्गाह आहे, मग सुन्नी, शिया, अहले हदीस, बोहरा. शरणपूरचे ख्रिस्ती, ज्यांची वस्ती एकोणिसाव्या शतकात मिशनने वसवली. तिथे गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांनाही आसरा मिळाला होता आणि त्यांच्यातले काही पुढे शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेले. शीख. पारशी.

मग मी विचारलं, सुरगाण्याचा, पेठचा आदिवासी कोणाला पाठवेल? त्याचा डोंगऱ्यादेव आहे, वाघदेव आहे, गावचा भगत आहे. पण मठ नाही, आखाडा नाही, लेटरहेड नाही. आणि देव न मानणारा?

यादी करणं हाच राजकारणाचा सगळ्यात मोठा निर्णय ठरतो. ज्यांची संघटना मजबूत त्यांना खुर्ची, ज्यांची भक्ती विखुरलेली त्यांना काही नाही. आणि या सगळ्या चौकोनांत बायका किती? भाच्याने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. त्याने लिहिलेल्या एकाही पदावर परंपरेने बाई बसत नव्हती. अर्धं संस्थान तिथेच गळालं.

## यात धर्माचा तरी फायदा होतो का?

लोक समजतात की धर्मसभेला शिक्का मिळाला म्हणजे धर्म जिंकला. माझं मत उलट आहे, आणि ते मत इतिहास बघून झालं आहे.

ज्या खुर्चीला सत्ता आहे, तिच्यावर कोण बसतो यात सत्तेला रस निर्माण होतोच. तिबेटात १६४२पासून दलाई लामांचं सरकार होतं. हुद्द्यांवर भिक्षू आणि गृहस्थ अधिकाऱ्यांच्या जोड्या असत. धर्मगुरू हाच राज्यकर्ता झाल्यावर पुढचा धर्मगुरू कोण, हा चीनच्या बादशहाच्या दृष्टीने राजकारणाचा प्रश्न झाला. १७९३ साली त्याने सोन्याचा कलश पाठवला आणि अवतार चिठ्ठी काढून ठरवा असा हुकूम दिला. २०११ साली दलाई लामांनी स्वतः राजकीय अधिकार सोडून निवडून आलेल्या नेत्याकडे दिले.

घरचं उदाहरण कोल्हापूरचं. वेदोक्ताच्या वादात राजोपाध्यांनी शाहू महाराजांना वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी होणारे, विधी नाकारले. महाराजांनी त्यांची वतनं जप्त केली आणि पुढे १९२० साली स्वतंत्र क्षात्रजगद्गुरू नेमले. महाराजांची बाजू न्यायाची होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण यंत्रणा बघा: पुरोहित राज्याच्या वतनावर जगत होता, म्हणून राज्य त्याचं वतन काढू शकलं आणि नवा गुरू नेमू शकलं. न्यायी राजाने ते केलं. तेच अन्यायी राजाही करू शकतो.

गोदावरी संस्थानात पहिल्या दहा-वीस वर्षांत हेच झालं असतं. महंताच्या गादीसाठी शिष्याची साधना बघायची की तो कोणत्या पक्षाच्या बाजूने मत देईल ते? आखाड्याच्या निवडीत कारभाऱ्यांचे निरोप पोचले असते. त्यात नुकसान पहिल्यांदा त्या साध्या भाविकाचं, ज्याला गुरूकडून फक्त खरा शब्द हवा असतो.

## मग आज तरी वेगळं काय आहे?

‘आजही सगळं मिसळलेलंच आहे,’ हा शेवटचा आक्षेप. थोडा खरा आहे. धर्मगुरू निवडणूक लढवू शकतो, घटनेने त्याला बंदी नाही. पण तो आला तर मतांनी येतो आणि मतांनीच घरी जातो. देवस्थानांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, कारण २५वं कलम पूजेला स्वातंत्र्य देतं, पण तिच्याभोवतीच्या पैशाअडक्याच्या व्यवहारावर राज्याला लक्ष ठेवू देतं. २६वं कलम पंथांना आपला धर्मव्यवहार स्वतः चालवू देतं. सीमारेषेवर भांडणं होतात आणि ती कोर्टात जातात. तिथे तरी तिसरा माणूस असतो.

२००३च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. तेव्हा चौकशी आयोग नेमता आला, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारता आले, पुढच्या मेळ्याची वाट बदलता आली. मिरवणुकीची वाट आणि गर्दीचा बंदोबस्त धर्मसभेच्या शिक्क्याने ठरला असता, तर त्या ३९ घरांनी प्रश्न कोणाला विचारला असता?

निघताना भाच्याने विचारलं, मग चौकोन पुसू का? मी म्हटलं, चौकोन राहू दे, बाण बदल. २०२७च्या पर्वणीला आपण दोघं पहाटे रामकुंडावर जाऊ, तेव्हा नीट बघ. कोणता आखाडा आधी, कोणता नंतर, हे ठरवणारे महंत आहेत. बॅरिकेड कुठे आणि वाट कोणती, त्या आदेशावर पोलीस आयुक्तांची सही आहे. आणि गंगापूर धरणातून किती पाणी, किती तास, तो कागद जलसंपदाच्या कचेरीत आहे.

त्याने रबर काढलं आणि धर्मसभेपासून निघणारे दोन्ही बाण पुसले. तिथे बारीक अक्षरात ‘सल्ला’ लिहिलं, आणि सुरगाण्याच्या पुढे प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं.